रॉबर्ट कापा कोण होता? ३५ मिमी फिल्म, परदेशातलं आयुष्य आणि हरवलेले रोल

या साइटवर आपण एरवी नव्या कॅमेऱ्यांबद्दल बोलतो. सेन्सर, मेगापिक्सेल, रात्रीचे फोटो वगैरे. आज मात्र १९५४ मध्ये गेलेल्या एका फोटोग्राफरबद्दल लिहायचं आहे. कारण त्याचं आयुष्य नीट समजून घ्यायचं तर त्याच्या कॅमेऱ्यात कोणती फिल्म होती आणि ती पुढे कुठे गेली, हे बघावंच लागतं.

मी नोकरीनिमित्त ड्रेस्डेनला राहतो. इथे आल्यावर मला जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा नाद लागला. सुट्टी मिळाली की ट्रेन पकडायची, शेजारच्या एखाद्या देशात दोन दिवस पायी भटकायचं आणि सोबत फक्त दोन रोल न्यायचे. दोन रोल म्हणजे ७२ फोटो. हा आकडा डोक्यात बसला की माणूस फोटो काढण्याआधी विचार करायला लागतो. माझ्याकडे आहे तो कीव्ह-४, सोव्हिएत बनावटीचा. पण त्याची मूळ रचना याच शहरातली, झाइस आयकॉन कंपनीच्या कॉन्टॅक्सची. आणि कॉन्टॅक्स म्हटलं की कापाचं नाव येतंच.

रॉबर्ट कापा हे त्याचं जन्मनाव नव्हे. २२ ऑक्टोबर १९१३ ला बुडापेस्टमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा एन्द्रे फ्रीडमन. आईवडिलांचा कपडे शिवण्याचा व्यवसाय होता. शाळेत असतानाच तो डाव्या चळवळीत ओढला गेला, पोलिसांनी उचललं, आणि १९३१ मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच, त्याला देश सोडावा लागला. बर्लिनला पत्रकारिता शिकायला गेला. घरून येणारे पैसे आटले, म्हणून डेफोट नावाच्या फोटो एजन्सीत डार्करूमच्या कामाला लागला. म्हणजे फोटोग्राफीशी त्याची ओळख झाली ती फिल्म धुण्यापासून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या काळात बातमीदारांचे कॅमेरे अवजड असायचे. काचेच्या प्लेट, एका वेळी एक फोटो. १९२५ मध्ये जर्मनीतच लायका बाजारात आला आणि हे चित्र बदलू लागलं. लायकात सिनेमाची ३५ मिमी रुंदीची फिल्म वापरायची, तिच्यावर २४ बाय ३६ मिमीची चौकट, आणि एका रोलमध्ये ३६ फोटो. कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा. नोव्हेंबर १९३२ मध्ये ट्रॉट्स्कीचं कोपनहेगनला भाषण होतं. एजन्सीने या एकोणीस वर्षांच्या पोराला लायका देऊन पाठवलं. त्याने व्यासपीठाजवळ जाऊन फोटो काढले, ते छापून आले आणि त्याचं करिअर सुरू झालं.

दोन-तीन महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. ज्यू आणि डावा, दोन्ही असलेल्या माणसाने बर्लिनमध्ये राहणं शक्यच नव्हतं. मग व्हिएन्ना, मग पॅरिस. पॅरिसमध्ये अधूनमधून कॅमेरा गहाण ठेवून जेवायची वेळ यायची. तिथे त्याला जर्मनीतून पळून आलेली गेर्टा पोहोरिल भेटली. दोघांनी मिळून १९३६ मध्ये एक शक्कल लढवली. रॉबर्ट कापा नावाचा एक श्रीमंत अमेरिकन फोटोग्राफर आहे आणि आम्ही फक्त त्याचे फोटो विकतो, असं सांगायचं. अमेरिकन माणसाच्या फोटोला भाव जास्त! थाप लवकरच उघडी पडली, पण नाव चिकटलं. हंगेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ शार्क मासा. गेर्टाही गेर्डा टारो झाली.

स्पेन, आणि कोणता फोटो कोणाचा

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि दोघं तिकडे गेले. सुरुवातीला टारोकडे चौकोनी फोटो काढणारा मध्यम आकाराच्या फिल्मचा कॅमेरा होता आणि कापाकडे लायका. त्यामुळे त्या दिवसांतला चौकोनी फोटो दिसला की तो बहुधा तिचा, आयताकृती असेल तर त्याचा, असं अभ्यासक ओळखतात. पुढे तीही ३५ मिमी वापरू लागली, दोघांच्या नावाचा एकत्र शिक्का फोटोंवर पडू लागला आणि गुंता झाला. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेटेच्या लढाईतून माघार घेताना रणगाड्याच्या धडकेने टारो गेली. सत्ताविसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता. नंतर कित्येक दशकं तिची ओळख कापाची मैत्रीण एवढीच राहिली, आणि तिचे बरेच फोटो त्याच्या नावावर जमा झाले.

तो जगप्रसिद्ध फोटो, गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक, सप्टेंबर १९३६ चा. तो खरा की घडवून आणलेला, यावर अजून भांडणं चालू आहेत. मागच्या डोंगरांच्या रेषेवरून काही अभ्यासकांनी दाखवलंय की जागा आधी सांगितली जायची ती नसून एस्पेहो गावाजवळची आहे, आणि तिथे त्या दिवसांत लढाई चालू नव्हती. मूळ निगेटिव्ह मिळाली असती तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटी बघता आल्या असत्या. फिल्मचा हा एक मोठा गुण आहे बघा. सुटा फोटो काहीही सांगू शकतो, पण न कापलेला रोल त्या दिवसाचा क्रम तसाच सांभाळून ठेवतो.

मेक्सिकोतले तीन खोके

कापाच्या पॅरिसच्या डार्करूमचं काम इम्रे वाइस बघायचा. तोही हंगेरियन, सगळे त्याला चिकी म्हणायचे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर कापा न्यूयॉर्कला निघून गेला आणि निगेटिव्ह मागे राहिल्या. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ आलं तेव्हा चिकीने त्या पाठपिशवीत भरल्या, सायकलवर टांग मारली आणि बोर्दोच्या दिशेने निघाला. मेक्सिकोला जाणारं जहाज गाठायचं होतं. वाटेत त्याने पिशवी एका चिली देशाच्या माणसाकडे सोपवली. त्यानंतर तिचा पत्ताच नाही.

कापाला त्या निगेटिव्ह पुन्हा कधीच दिसल्या नाहीत. मेक्सिको सिटीत एका दिवंगत मेक्सिकन जनरलच्या सामानात त्या सापडल्या. हा जनरल १९४१-४२ मध्ये व्हिशी फ्रान्समध्ये मेक्सिकोचा राजदूत होता. डिसेंबर २००७ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत पोहोचल्या. पुठ्ठ्याचे तीन खोके, आत छोटे छोटे कप्पे, कप्प्यांत गुंडाळलेले रोल आणि झाकणावर हाताने लिहिलेली यादी. कापा, टारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सिमूर ऊर्फ शिम, तिघांच्या मिळून सुमारे ४,५०० निगेटिव्ह!

आता यातली गंमत तांत्रिक आहे. त्या काळची बरीच फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा चुलत भाऊ. उष्णतेत कुजतो, चिकट होतो आणि एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या स्वतःच्याच रचनेत असतो. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेली आग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, कितीतरी जुने भारतीय सिनेमे त्यात गेले. अशी फिल्म मेक्सिकोत जवळजवळ सत्तर वर्षं पडून राहिली आणि तरी धडधाकट निघाली. एक कारण बहुधा तिथली कोरडी आणि थंडगार हवा, कारण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. दुसरं म्हणजे चिकीचं व्यवस्थित काम. फिल्म धुताना तिच्यात रसायन उरलं की ती लवकर खराब होते. चिकीने पळापळीच्या दिवसांतही कामात कुचराई केली नव्हती.

या रोलमुळे टारोचे बरेच फोटो तिच्या नावावर परत आले. कोसळणाऱ्या सैनिकाची निगेटिव्ह मात्र त्या खोक्यांत नव्हती.

६ जून १९४४: खरंच फिल्म वितळली का?

आता कापाच्या आयुष्यातल्या सगळ्यात गाजलेल्या किश्श्याकडे येऊ. दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा ओमाहा बीचवर, पहिल्या काही लाटांत, कापाही पाण्यात उतरला. हातात दोन कॉन्टॅक्स २. या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य सांगतो. तेव्हाच्या लायकात फोकस एका खिडकीतून करायचा आणि चौकट दुसऱ्या खिडकीतून बघायची. १९३६ च्या कॉन्टॅक्स २ मध्ये दोन्ही एकाच खिडकीत आलं. समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, चाक फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. डोळा हलवावा लागत नाही. शिवाय धातूचं शटर, सेकंदाच्या १,२५० व्या भागापर्यंत. गोळ्या चालू असताना एवढा फरकही खूप असतो.

प्रचलित कथा अशी. कापाने आपल्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे १०६ फोटो काढले. रोल ७ जूनला रात्री लंडनमध्ये लाइफ मासिकाच्या ऑफिसात पोहोचले. फोटो संपादक जॉन मॉरिस घाईत होता. डार्करूममधल्या पोराने फिल्म वाळवायच्या कपाटाचं दार बंद केलं, उष्णतेने फिल्मवरचा थर वितळला आणि फक्त ११ फोटो वाचले. वाचलेल्यांत प्रतिमा खाली सरकलेली दिसते, तोच पुरावा म्हणून दाखवला जायचा.

२०१४ पासून समीक्षक ए. डी. कोलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कथा तपासायला घेतली. त्यांचा पहिला मुद्दा असा, की त्या काळच्या वाळवण्याच्या कपाटात एवढी उष्णता तयारच होत नव्हती. दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. प्रतिमा फिल्मच्या कडेच्या भोकांवर सरकलीय, ती कोडॅकचं फिल्मचं डबडं कॉन्टॅक्समध्ये अगदी नेमकं बसत नाही म्हणून. फिल्म किंचित वरखाली राहते आणि चौकट भोकांवर पडते. म्हणजे सरकण्याचा दोष कॅमेऱ्यातला, डार्करूममधला नव्हे. आणि जिलेटिनचा थर खरंच वाहिला असता, तर त्यावरच्या माणसांचे आकारही ओघळले असते. ते तसे ओघळलेले नाहीत. फोटो अस्पष्ट आहेत ते पहाटेचा कमी प्रकाश, आजच्या मानाने मंद फिल्म आणि थरथरणारा हात यामुळे.

मग बाकीचे फोटो? कोलमनच्या मते ते काढलेच गेले नव्हते. त्याच वर्षी नव्वदी ओलांडलेल्या मॉरिसनेही कबूल केलं, की बाकीच्या रोलवर कदाचित काहीच नव्हतं.

मला स्वतःला हा निष्कर्ष पटतो. त्याने कापा लहान होत नाही. नि:शस्त्र माणूस त्या पाण्यात उतरला आणि दहा-अकरा फोटो घेऊन परत आला, एवढं पुरे आहे. पण सत्तर वर्षं या नुकसानीचं खापर एका डार्करूममधल्या पोरावर फुटत होतं. बरीच वर्षं तर तो मुलगा म्हणजे लॅरी बरोझ, असंही बोललं जायचं. हा बरोझ पुढे व्हिएतनाम युद्धाचा मोठा फोटोग्राफर झाला. तो मुलगा बरोझ नव्हता, असं मॉरिसला नंतर सांगावं लागलं. डार्करूममधून वर आलेल्या कापाला ओला जिलेटिनचा थर कसा वागतो हे ठाऊक असणार. तरीही त्याने आपल्या पुस्तकात ती कथा तशीच ठेवली, हे मला खटकतं.

निगेटिव्ह कोणाची?

१९४६ मध्ये कापा अमेरिकेचा नागरिक झाला. १९४७ मध्ये त्याने कार्तिए-ब्रेसाँ, शिम, जॉर्ज रॉजर वगैरे मित्रांबरोबर मॅग्नम ही संस्था काढली. नियम साधा पण तेव्हा नवीन होता: निगेटिव्ह आणि हक्क फोटोग्राफरकडेच राहणार, मासिकाकडे नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेचे कार्तिए-ब्रेसाँचे फोटो जगाने बघितले ते याच संस्थेमार्फत.

त्याच १९४७ मध्ये तो लेखक जॉन स्टाइनबेकबरोबर सोव्हिएत रशिया फिरून आला. फिल्म देशाबाहेर नेण्याआधी तिथेच धुवून तपासून घ्यावी लागली. या प्रवासात ते कीव्हलाही गेले. ड्रेस्डेनच्या कारखान्यातली कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएतांनी युद्धानंतर नेली आणि पुढे त्याच कीव्हमध्ये माझ्या कॅमेऱ्याचे पूर्वज बनू लागले.

शेवटच्या वर्षांत तो पॅरिसच्या हॉटेलात राहायचा आणि प्रवासाच्या मासिकांसाठी रंगीत फोटो काढायचा. कोडॅक्रोम, एक्टाक्रोम. स्की करणारे लोक, समुद्रकिनारे, हॉटेलांचे बार. बऱ्याच जणांना हे त्याचं काम हलकं वाटतं. मला नाही वाटत. १९५३ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेने त्याचा पासपोर्ट काही महिने अडकवून ठेवला, तेव्हा भटकंतीवर पोट असलेल्या माणसाचं काय झालं असेल ते बघा.

एप्रिल १९५४ मध्ये एका जपानी वृत्तपत्राच्या निमंत्रणावरून तो जपानला गेला. तिथे असतानाच लाइफने विचारलं, त्यांचा इंडोचायनातला फोटोग्राफर सुट्टीवर जातोय, महिनाभर जाशील का? पैशांची गरज होती, तो गेला. २५ मे १९५४ ला फ्रेंच सैन्याच्या तुकडीबरोबर तो थाय बिन्हच्या रस्त्यावर होता. एका कॅमेऱ्यात, कॉन्टॅक्समध्ये, कृष्णधवल फिल्म. दुसऱ्यात, जपानी निकॉनमध्ये, रंगीत. या निकॉनची लेन्स बसवायची पद्धत कॉन्टॅक्सवरूनच घेतलेली. ताफा अडला म्हणून तो रस्ता सोडून सैनिकांच्या पाठोपाठ शेतातून पुढे गेला आणि भूसुरुंगावर पाय पडला. वय ४०.

दोन्ही कॅमेऱ्यांतली फिल्म नीट निघाली. शेवटच्या चौकटींत भाताचं गवताळ शेत आणि पाठमोरे चालत जाणारे सैनिक आहेत.