लेडी मेहेरबाई टाटा : एका आजारपणातून उभे राहिलेले कार्य

उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे १८ जून १९३१ रोजी वेल्समधील रूथिन कॅसल येथील रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५१ वर्षांचे होते. देशातील अत्यंत धनाढ्य घराण्यातील या स्त्रीला त्या काळचे उत्तम उपचार सहज उपलब्ध होते, परंतु या रोगापुढे वैद्यकशास्त्रच तेव्हा हतबल होते.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील होरमसजी भाभा शिक्षणक्षेत्रात होते. १८८४ मध्ये हे कुटुंब बंगळुरूला गेले आणि मेहेरबाईंचे शिक्षण तेथील बिशप कॉटन शाळेत सुरू झाले. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा दोराबजींशी विवाह झाला. साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा जिंकणाऱ्या मेहेरबाईंनी स्त्रीशिक्षणाचा हिरीरीने पुरस्कार केला, तसेच बालविवाहाला विरोध करून त्याविरुद्धच्या कायद्यासाठी अमेरिकेतही भाषण केले. १९२४ मध्ये पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा दोराबजींनी आपल्या खासगी मालमत्तेबरोबर मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही तारण ठेवून कर्ज उभारले.

मेहेरबाई आजारी पडल्या, त्या काळी रक्ताच्या कर्करोगावर प्रामुख्याने दोनच उपाय होते : सोमलाचे औषध आणि क्ष-किरण. सोमलामुळे उलट्या होत व त्वचा काळवंडत असे. क्ष-किरणांनी वाढलेली प्लीहा काही काळ कमी होई, परंतु रोग पुन्हा उलटत असे. प्रतिजैविके वापरात आलेली नव्हती आणि रक्तपेढ्याही नव्हत्या. त्यामुळे जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

पत्नीच्या निधनानंतर दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. या निधीतून जगभरातील संशोधकांना साहाय्य मिळू लागले. आपली उर्वरित संपत्तीही त्यांनी विश्वस्त निधीकडे सोपविली होती. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचेही निधन झाले. पुढे तो हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम या निधीत जमा झाली. याच निधीच्या साहाय्याने मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होते.

दरम्यान, उपचारांचे स्वरूप बदलत गेले. १९४८ मध्ये अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने लहान मुलांमधील तीव्र रक्तकर्करोग काही काळ आटोक्यात येतो, असे दाखवून दिले. भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने हे औषध तयार केले होते. टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि एका प्रकारच्या रक्तकर्करोगाचे अनेक रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे जगू लागले.

नवी औषधे प्रभावी असली तरी ती सोसणे सोपे नाही. केमोथेरपीमुळे मळमळ, तोंडात फोड, थकवा आणि केस गळणे असे त्रास होतात, तर मज्जेच्या तपासणीसाठी कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. परंतु मेहेरबाईंच्या काळात नसलेले आधार आज आहेत. तपासणीपूर्वी जागा बधिर करता येते, उलटी रोखणारी औषधे आधीच दिली जातात, रक्तबिंबिका बाहेरून देता येतात आणि गळलेले केस बहुधा उपचारानंतर पुन्हा येतात. मात्र केमोथेरपी सुरू असताना ताप आल्यास तो अंगावर काढू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत गंभीर होऊ शकतो, म्हणून त्वरित रुग्णालय गाठणे आवश्यक असते. त्रासाला कंटाळून उपचार मध्येच सोडणे हे अनेकदा दुष्परिणामांहून अधिक घातक ठरते. होणारा प्रत्येक त्रास डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा बदलता येते किंवा पूरक औषध देता येते.

ज्या बंगळुरूत मेहेरबाईंचे बालपण गेले, तेथे १९७३ मध्ये किदवई स्मारक कर्करोग संस्था सुरू झाली. शहराच्या उत्तरेकडील येलहंका भागातही आता कर्करोगावर उपचार होतात. परळच्या रुग्णालयात तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. मेहेरबाईंना जे उपचार मिळू शकले नाहीत, ते आज त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या संपत्तीमुळे असंख्य सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले आहेत.