पिंजऱ्यातील चिमण्या आणि हिवतापाचे कोडे

दलदलीतील दूषित हवेमुळे हिवताप होतो, असा समज एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ होता. १८८० साली फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांनी रुग्णाच्या रक्तात या रोगाचे परजीवी शोधून काढले. परंतु ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसे जातात, हे कोडे कायम होते. ते रोनाल्ड रॉस यांनी भारतात सोडविले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. त्यांचा ओढा काव्य, संगीत आणि गणित यांकडे होता; पण वडिलांच्या इच्छेनुसार ते डॉक्टर झाले आणि १८८१ साली भारतातील वैद्यकीय सेवेत रुजू झाले. हिवतापाच्या प्रसारात डासांचा हात असावा, हा पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी सिकंदराबादला असंख्य डासांची चिरफाड केली. २० ऑगस्ट १८९७ रोजी, रुग्णाचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठरात त्यांना परजीवीच्या गाठी आढळल्या. मात्र लवकरच त्यांची बदली झाली आणि काम खंडित झाले.

१८९८ साली ते कलकत्त्यास आले. त्या काळी प्लेगच्या लसीविषयी लोकांत भीती पसरली होती. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त देण्यासही कोणी धजेना. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांनाही त्यांच्या जातीचा हिवताप होतो. तो माणसाला होत नाही. चिमण्या, चंडोल पकडून पिंजऱ्यात ठेवण्यात आले. महंमद बक्ष हे त्यांचे साहाय्यक डास जमविण्याचे काम चिकाटीने करीत. रात्री पिंजरे मच्छरदाणीत ठेवून आत डास सोडले जात.

जुलै महिन्यात डासाच्या लाळग्रंथीत परजीवीचे बारीक धाग्यांसारखे रूप दिसले. आजारी पक्ष्यांचे रक्त प्यालेले डास निरोगी चिमण्यांवर सोडण्यात आले. अशा २८ चिमण्यांपैकी २२ चिमण्यांच्या रक्तात काही दिवसांतच परजीवी आढळले. हवा नव्हे, तर डासाचा दंश हे रोगप्रसाराचे साधन आहे, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी माणसाचा हिवताप अॅनाफिलीस जातीच्या डासांमुळे पसरतो, हे दाखवून दिले.

रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. आज प्राणिसंग्रहालयातील पेंग्विनांनाही पक्ष्यांच्या हिवतापापासून जपावे लागते. साचलेले पाणी काढून टाकणे आणि मच्छरदाणी वापरणे, या आपल्या घरातील साध्या उपायांमागे कलकत्त्याच्या पिंजऱ्यांतील त्या चिमण्यांचे ऋण आहे.