लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनायडस ऊर्फ लिओ फेंडर (जन्म : १० ऑगस्ट १९०९, मृत्यू : २१ मार्च १९९१) हे अमेरिकन वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारी आणि प्रिसिजन बेस ही त्यांची ख्यातनाम वाद्ये होत. फेंडर स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकले नाहीत. तरीही गिटारची दांडी, म्हणजे वादकांच्या बोलीतील नेक, हाताला कशी लागावी याची आजची कल्पना बऱ्याच अंशी त्यांच्या कारखान्यात घडली.

बालपण

कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांदरम्यान फेंडर यांच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला व तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. काकांनी बनवलेला रेडिओ पाहून त्यांना विजेच्या उपकरणांचा छंद जडला. लहानपणी त्यांनी पियानो व सॅक्सोफोनचे थोडे धडे घेतले. महाविद्यालयात ते हिशेबशास्त्र शिकले आणि काही वर्षे त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकरी केली. १९३४ साली एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महामंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले.

मांडीवरच्या गिटारीकडून हातातल्या गिटारीकडे

ध्वनिवर्धक आणि वाद्ये दुरुस्तीसाठी आणणाऱ्या वादकांशी फेंडर यांचा परिचय वाढत गेला. डॉक कॉफमन या वादकाबरोबर त्यांनी १९४५ मध्ये लॅप स्टील गिटारी बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवतात. त्यात हात दांडीला वेढा घालत नाही, त्यामुळे दांडीची मागची बाजू कशीही असली तरी बिघडत नाही. कॉफमन वेगळे झाल्यावर फेंडर उभ्या धरायच्या गिटारकडे वळले आणि हा प्रश्न प्रथमच त्यांच्यासमोर आला. या वाद्यात अंगठा दांडीच्या पाठीवर टेकतो, चार बोटे पुढून तारा दाबतात आणि तासन्‌तास दांडीचा भार तळव्याला जाणवत राहतो.

१९५० साली त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. प्रथम एस्क्वायर व नंतर ब्रॉडकास्टर या नावाने ती विकली गेली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव याच उच्चाराचे असल्याने १९५१ मध्ये ब्रॉडकास्टरचे नाव बदलून टेलिकास्टर करण्यात आले. जुने गिटारकार दांडी सरसाने कायमची जोडत. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसवली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बिघडलेला भाग काढून नवा घालणेच स्वाभाविक वाटणार. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सुटे भाग जोडलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण वाद्यकारांच्या जगात ही गोष्ट अनेकांना हलक्या प्रतीची वाटली.

मेपलचे कठीण लाकूड तारांचा ताण सहज सोसेल, असा फेंडर यांचा विश्वास होता. त्यामुळे आरंभीच्या गिटारींच्या दांडीत पोलादी सळई नव्हती. हा अंदाज चुकला. दांड्या वाकल्याच्या तक्रारी आल्या आणि विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडल यांनी आग्रह धरला. अखेर त्याच वर्षी दांडीच्या पाठीत खाच पाडून आत सळई, म्हणजे ट्रस रॉड, घालण्यात आली आणि खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवण्यात आली. फेंडर गिटारच्या पाठीवर दिसणारी काळसर रेघ मूळची शोभेची नव्हे.

दांडीचे आकार

दांडी आडवी कापली असता पाठीची जी वक्र रेषा दिसते तिला आकार म्हणतात आणि तो इंग्रजी अक्षरांच्या नावाने ओळखतात. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच्या दांड्या जाड, 'यू'च्या जवळ जाणाऱ्या होत्या. त्या तळवा भरून टाकतात व मोठ्या पंजाला आधार देतात. १९५५ ते १९५७ च्या सुमारास पाठीवर कणा आलेला 'व्ही' आकार आढळतो. अंगठा वरून वळवून वाजवणाऱ्याच्या अंगठा-तर्जनीमधील बेचक्यात हा कणा नेमका बसतो. मात्र अंगठा पाठीमागे मधोमध टेकवणाऱ्याला तो टोचतो. पुढे दांड्या सडपातळ होत 'सी' आकाराकडे गेल्या. जलद वादनाला त्या सोयीच्या असल्या तरी फार पातळ दांडी पकडून ठेवताना मोठ्या हाताला पेटके येऊ शकतात. दांडीच्या बुडाशी १९६२ पासून उमटवलेली ए, बी, सी, डी ही अक्षरे मात्र रुंदीची आहेत, आकाराची नाहीत. या दोहोंची गल्लत नेहमी होते.

या आकारांची शेवटची घडण सँडिंगच्या पट्ट्यावर हाताने होत असे, त्यामुळे एकाच महिन्यातल्या दोन दांड्याही तंतोतंत सारख्या नसत. टॅडिओ गोमेझ हे कामगार घडवलेल्या दांडीच्या बुडावर पेन्सिलीने आद्याक्षरे व तारीख लिहीत. स्क्रू काढून दांडी वेगळी केल्याशिवाय ती दिसत नाहीत.

पुढच्या बाजूचा बाकही तितकाच महत्त्वाचा आहे. फेंडर यांच्या फ्रेटबोर्डचा बाक सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा होता. स्वरसंघ धरायला तो सोपा पडतो, पण वरच्या फ्रेटवर बारीक तार ओढून स्वर चढवताना ती पुढच्या फ्रेटला टेकून आवाज खुंटतो. मिरजेच्या सतारीशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. रुंद दांडीवरील उंच, कमानदार पडद्यांवर सतारिया एकाच पडद्यावरून पंचमापर्यंतची मींड घेतो. तेथे तारेला आडवे सरकायला जागाच मुद्दाम ठेवलेली असते.

स्वतः वाजवत नसल्याने फेंडर प्रत्येक नमुना वादकांच्या हाती देत व तक्रारी ऐकून घेत. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात असे बिल कार्सन यांनी सांगितले. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरच्या गोलसर अंगामागे ही तक्रार व फ्रेडी टव्हारेस यांचे रेखाटन आहे. मेपलवरचा मुलामा झिजून काळे डाग पडत, म्हणून १९५९ पासून फ्रेटबोर्डला शिसवी लाकूड वापरू लागले. आधी ते ब्राझीलचे असे. पुढे सह्याद्रीतही वाढणाऱ्या भारतीय शिसवाने त्याची जागा घेतली.

उत्तरार्ध

दीर्घ आजाराला कंटाळून फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. गंमत अशी की त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचाराने ते बरे झाले. पुढे त्यांनी म्युझिक मॅन कंपनीत काम केले. १९७९ मध्ये एस्थर यांचे निधन झाले. जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. एरिक क्लॅप्टन यांच्या आवडत्या 'ब्लॅकी' गिटारची दांडी व्ही आकाराची होती. १९८८ मध्ये फेंडर कंपनीने त्यांच्या नावाची गिटार काढली तेव्हा तोच आकार सौम्य करून घेतला. तोवर लिओ फेंडर यांचा त्या कंपनीशी संबंध उरला नव्हता.

पार्किन्सनच्या विकाराने ग्रासलेले असतानाही ते मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत जी अँड एलच्या कारखान्यात जात होते. त्यांच्या मृत्यूनंतर तेथील त्यांची कामाची खोली जतन करण्यात आली होती. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला.