तबकडी, दूध आणि कान

जुन्या घराच्या माळ्यावरून फोनोची पेटी खाली उतरवली, की सर्वांत आधी लक्ष जाते ते कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याच्या चित्राकडे. हे चित्र घरोघरी ओळखीचे झाले. पण ज्याच्या तबकडीमुळे ते घरात आले, त्या एमिल बर्लिनर यांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही. त्यांनी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे लहान मुलांच्या दुधासाठी खर्ची घातली, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. तबकड्या ऐकण्याची हौस आता परत आली आहे. सोलापुरातही वडिलांच्या, आजोबांच्या रेकॉर्डी पुसून ठेवणारे आणि बेताच्या पैशात कोणते स्पीकर घ्यावेत याचा शोध घेणारे लोक आहेत. त्यांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर बर्लिनर यांच्या चरित्रातच सापडते.

एमिलचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. खाणारी तोंडे बरीच असल्यामुळे चौदाव्या वर्षी एमिलची शाळा सुटली. आधी तो छापखान्यात लागला, मग कापडाच्या दुकानात. तिथे कापडाचे तागे उलगडता उलगडता तो विणकामाच्या यंत्रात सुधारणा करण्याचा विचार करू लागला. मागाच्या खटखटीत वाढलेल्या सोलापूरकराला हा मुलगा परका वाटणार नाही.

१८७० मध्ये युरोपात युद्धाचे ढग जमले होते आणि सक्तीची लष्करभरती समोर दिसत होती. एमिल एका परिचिताच्या आधाराने अमेरिकेला गेला आणि वॉशिंग्टनमधील कापडाच्या दुकानात कारकुनी करू लागला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने मिळेल ते काम केले. एका रासायनिक प्रयोगशाळेत तो बाटल्या धुवायचा. ती प्रयोगशाळा होती पुढे सॅकरिनच्या शोधासाठी नावाजलेल्या फाल्बर्ग यांची. दिवसभर बाटल्या धुवायच्या आणि संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात बसून वीज आणि ध्वनी यांवरची पुस्तके वाचायची, हेच त्याचे महाविद्यालय. पदवी त्याने कधी घेतली नाही.

१८७६ मध्ये बेल यांचा टेलिफोन जगासमोर आला. त्यातून ऐकू चांगले येई, पण बोलणाऱ्याचा आवाज पुढे फार क्षीण जाई. वॉशिंग्टनला परतलेल्या एमिलला तारयंत्रावर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सहज एक गोष्ट सांगितली. तारेची कळ जोरात दाबली की प्रवाह जास्त जातो आणि हलकी दाबली की कमी. एमिलने यातून नेमका अर्थ काढला. दोन तुकडे एकमेकांना सैल टेकवून ठेवले आणि त्यांच्यावर आवाजाच्या लहरींचा दाब पडू दिला, तर त्या दाबानुसार विजेचा प्रवाह कमीजास्त होईल. भाड्याच्या खोलीत, हाताशी असलेल्या वस्तूंवर त्याने हे करून पाहिले आणि एप्रिल १८७७ मध्ये सरकारदरबारी नोंदवले. सोलापुरात जुनी गिरणी उभी राहत होती, तोच हा सुमार. बेल यांच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्याला नोकरीही दिली. कालचा कारकून मायक्रोफोनचा एक जनक ठरला.

नोकरीत बर्लिनर यांचे मन फार काळ रमले नाही. वॉशिंग्टनला परत येऊन त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि ध्वनिमुद्रणाकडे लक्ष वळवले. एडिसन यांच्या फोनोग्राफमध्ये आवाज एका नळकांड्यावर उमटत असे. सुई वरखाली होत खोल-उथळ चर काढी. शिवाय अशा नळकांड्याच्या भराभर प्रती काढणे अवघड होते. बर्लिनर यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडी घेतली आणि सुई वरखाली न हलवता डावी-उजवीकडे हलवली. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यात नागमोडी रेघ ओढायची आणि मग आम्लात बुडवून ती रेघ धातूत कोरून घ्यायची, अशी ही रीत होती. १८८७ मध्ये त्यांना ग्रामोफोनचे पेटंट मिळाले आणि १८८८ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातील शास्त्रज्ञांसमोर त्यांनी तो वाजवून दाखवला. एका मूळ साच्यावरून हव्या तितक्या तबकड्या छापता येऊ लागल्या. पुढे या तबकड्यांसाठी जे द्रव्य पक्के झाले, त्यात मुख्य घटक होता लाख, आणि ती मोठ्या प्रमाणात भारतातल्या जंगलांतून जात असे.

पुढे मुद्रणाची पद्धत बदलली आणि द्रव्यही बदलले. १९४८ मध्ये विनाइलची लाँग प्ले तबकडी आली आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकडी बाजारात आली. पण चर बर्लिनर यांचाच राहिला. फरक एवढाच, की स्टिरिओमध्ये चराच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात, एका भिंतीवर डावीकडचा आणि दुसरीवर उजवीकडचा.

धंद्यात मात्र बर्लिनर यांना मोठा फटका बसला. एल्ड्रिज जॉन्सन या कुशल यंत्रकाराने त्यांच्या ग्रामोफोनला चावीची मोटर बसवून दिली आणि विक्री वाढली. पण विक्रीचे हक्क ज्याला दिले होते त्याच्याशीच बिनसले. प्रकरण कोर्टात गेले आणि १९०० मध्ये बर्लिनर यांना अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकण्याची मनाई झाली. त्यांनी कारभार कॅनडातील माँट्रियलला हलवला. अमेरिकेतला व्यवसाय जॉन्सन यांच्या नव्या कंपनीने पुढे नेला. कुत्र्याच्या चित्राचा अमेरिकेतला हक्क बर्लिनर यांनी त्याच वर्षी नोंदवला होता. पुढे त्या चित्रावर मोठे झाले ते इतरच.

बर्लिनर यांच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये लंडनच्या कंपनीतर्फे कोलकात्यात आला आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच वारले होते. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने मराठी रंगभूमीवरचा तो आवाज कायमचा हरपला. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, पण त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. तबकडीने काय दिले, हे या दोन नावांवरून कळते.

कोर्टाच्या त्याच धामधुमीत घरी दुसरे संकट आले. बर्लिनर यांची तान्ही मुलगी ॲलिस पोटाच्या विकाराने गंभीर आजारी पडली. दुखण्याचे मूळ कशात आहे याचा शोध घेताना त्यांचे लक्ष दुधावर गेले. तेव्हाच्या अमेरिकन शहरांत दूध लांबच्या गोठ्यांतून, उघड्या भांड्यांतून, न तापवता येई. त्यातून जुलाब, विषमज्वर आणि गायींचा क्षय मुलांपर्यंत पोहोचे. उन्हाळा आला की तान्ही मुले दगावत आणि लोक दोष द्यायचे उन्हाला. मुलगी वाचली. पण बाकीच्या घरांतल्या मुलांचे काय, हा प्रश्न बर्लिनर यांच्या मनातून गेला नाही.

१९०१ मध्ये त्यांनी आजार टाळण्यासाठी काम करणारी एक संस्था उभी केली. वृत्तपत्रांतून ते साध्या भाषेत आरोग्याच्या सूचना छापून आणू लागले. सांगणे एकच असे, दूध तापवल्याशिवाय मुलाला देऊ नका. ही गोष्ट आज साधी वाटते, पण तेव्हा अनेक डॉक्टरांचाही तिला विरोध होता. तापवल्याने दुधातले सत्त्व जाते, असा समज होता. पाश्चरीकरणात दूध सुमारे ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवले की रोगजंतू मरतात आणि पोषण बहुतांश टिकते, हे पुनःपुन्हा पटवून द्यावे लागले. १९०७ मध्ये वॉशिंग्टनला दुधाच्या प्रश्नावर परिषद भरली. दुधाची प्रत ठरवून द्यावी, या तिथल्या कामामागे बर्लिनर होते. क्षयरोग निवारण संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि वडिलांच्या स्मरणार्थ क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाला एक इमारत दिली. शाळकरी मुलांसाठी स्वच्छतेवरच्या सचित्र कवितांचे पुस्तकही काढले. आईच्या नावाने स्त्री संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली, तीही स्त्रियांना प्रयोगशाळेचे दार क्वचितच उघडे असे त्या काळात.

सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा आवाजाकडे वळले. मोठ्या सभागृहात आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. ते टाळण्यासाठी त्यांनी भिंतीवर बसवायच्या खास फरश्या तयार केल्या. यंत्र कितीही चांगले असले तरी शेवटचा आवाज खोली घडवते, हे त्यांनी ओळखले होते.

स्पीकर घेताना हीच गोष्ट विसरली जाते. सोलापुरातल्या बैठकीच्या खोलीत खाली शहाबादी फरशी, चहूबाजूंनी गुळगुळीत गिलावा आणि वर स्लॅब असतो. अशा खोलीत महागडा स्पीकरही कर्कश वाटतो. म्हणून सगळे पैसे स्पीकरवर घालण्याआधी खाली जाड सतरंजी अंथरावी, खिडकीला जाड पडदा लावावा आणि समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवावे. एकेरी चादर टांगल्याने फक्त तीक्ष्ण स्वर थोडे दबतात. दोन-तीन पदरी वाकळ किंवा गोधडी अधिक काम करते. लहान खोलीला पाच ते साडेसहा इंची पडद्याचे, कपाटावर मावणारे दोन स्पीकर पुरतात. ते भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवावेत. दोघांतले अंतर आणि श्रोत्यापर्यंतचे अंतर साधारण सारखे असले, की चराच्या दोन भिंतींवरचे आवाज आपापल्या जागी ऐकू येतात.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. तबकडीच्या सुईतून येणारी वीज केवळ काही मिलिव्होल्ट असते. शिवाय मुद्रण करताना खर्जातले स्वर मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात. ते पूर्ववत करणारा फोनो प्री-ॲम्प्लिफायर प्लेअरमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे का, हे आधी विचारावे. तो नसेल तर आवाज बारीक आणि कोरडा येतो आणि दोष उगाच स्पीकरला लागतो. दुसरे, स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर ठेवू नयेत. स्पीकरची थरथर सुईपर्यंत जाऊन घुमू लागते. तिसरे, जुन्या बाजारात चांगली जोडी स्वस्तात मिळते, पण पडद्याच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वर्षानुवर्षे वाळून भुगा झालेला असू शकतो. घरची एक ओळखीची रेकॉर्ड सोबत न्यावी आणि गाणाऱ्याचा आवाज माणसासारखा वाटतो का, तेवढे ऐकावे.

सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र दुकानात मिळत नाही. ते म्हणजे कान. वय वाढते तसे वरचे स्वर ऐकू येणे कमी होते. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने वीस हजार हर्ट्झच्या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मागाच्या किंवा गिरणीच्या आवाजात वर्षे काढलेल्यांचे ऐकणे तर आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास घटते. आवाज येतो, पण शब्द नीट कळत नाहीत, अशी तक्रार असेल तर नवे स्पीकर घेण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. गाणे चालू असताना शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर बटण मागे फिरवण्याची वेळ झाली आहे. आतल्या कानाच्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि तबकडीसारखी त्यांची दुसरी प्रत छापता येत नाही.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी एमिल बर्लिनर यांचे निधन झाले. तोवर ग्रामोफोन जगभर पोहोचला होता आणि तापवलेल्या दुधाला होणारा विरोधही बराच मावळला होता. पहिल्या कामाने त्यांना पैसा दिला आणि तोच पैसा त्यांनी दुसऱ्या कामाला लावला. वाचलेल्या मुलांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. रेकॉर्ड लावण्याआधी स्वयंपाकघरातले दूध उकळले आहे का, एवढे पाहिले तरी त्या माणसाची आठवण पुरेशी राखली जाईल.