शिरोडकर टाक्याचे जनक : कै. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

आपल्या वऱ्हाडात एखाद्या सुनेचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन-तीन वेळा गळाला, की बोल लागतो तो तिच्या पायगुणाला. दृष्ट, करणी, पूर्वजन्मीचे पाप अशी कारणे शोधली जातात. नवस बोलले जातात, कमरेला दोरे बांधले जातात. मूर्तिजापूर परिसरातील ज्ञातिबांधवांच्या घरांना हे दुःख अपरिचित नाही. अशा मातांवरील हा ठपका ज्यांच्या संशोधनाने खोटा ठरला, त्या डॉ. शिरोडकरांचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

डॉक्टरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोमंतकातील शिरोडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली ते एम. बी. बी. एस. व १९२७ साली प्रसूतिशास्त्रात एम. डी. झाले. १९३१ साली विलायतेत एफ. आर. सी. एस. होऊन ते परतले आणि ग्रँट कॉलेजात प्राध्यापक झाले.

गर्भाशयाचे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले असावे लागते. काही स्त्रियांत ते जन्मतः, किंवा पूर्वीच्या प्रसूतीतील इजेमुळे, दुबळे असते. गर्भाचा भार वाढताच ते फारशा कळा न येताच उघडते आणि निकोप गर्भ अवेळी बाहेर पडतो. दोष गर्भात नसतो, मातेच्या दैवात तर नसतोच. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. डॉक्टरांची बोटे आणि त्या दुर्दैवी स्त्रीची हकीकत, एवढ्यावरच निदान करावयाचे. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची एक पट्टी काढली, मूत्राशय किंचित वर सारले आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या भागाभोवती ती पट्टी आतून आवळून बांधली. कापसाच्या बोंदऱ्याचे तोंड सुतळीने बांधावे, तसाच हा प्रकार! १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. १९५७ साली मेलबर्नच्या डॉ. मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचविला. आज दोन्ही प्रचारात आहेत.

तथापि हा टाका सर्वांस रामबाण नव्हे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, १,२९२ स्त्रियांवरील चाचणीत असे आढळले की, ज्यांना तीन वा अधिक वेळा असा आघात सोसावा लागला होता, त्यांनाच त्याचा विशेष लाभ झाला. टाका बहुधा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस घालतात व सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. यास्तव पूर्वीची हकीकत दिवस राहताच डॉक्टरांच्या कानी घालावी लागते. पाचव्या महिन्यात मुख उघडू लागल्यावर धावपळ केल्यास पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते.

अंग बाहेर येण्याच्या विकारावरही त्यांनी स्वतंत्र शस्त्रक्रिया बसविली. १९६० साली त्यांना पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण हे सन्मान लाभले. त्याच १९७१ च्या मार्च महिन्यात ते निवर्तले. देशोदेशीच्या प्रसूतिगृहांत तो टाका आजही शिरोडकरांच्याच नावाने ओळखला जातो.