दादासाहेब फाळके यांचे कॅमेरे आणि त्यांचे डोळे

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात काळवीट टिपायला येणाऱ्या हौशी मंडळींना एक प्रश्न नेहमी पडतो. कॅमेरा बदलावा का? महाग कॅमेरा घेतला की छायाचित्र सुधारते, असे काहींना वाटते. कॅमेऱ्यात काही नसते, सगळे नजरेत असते, असे इतर सांगतात. दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत. कोणता अर्धा भाग केव्हा खरा ठरतो, हे पाहायचे असेल तर धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण नाही. त्यांच्या हाती निरनिराळ्या वेळी निरनिराळे कॅमेरे आले. कधी त्यांनी काही साधले नाही, तर कधी सगळेच बदलले. मधल्या काळात त्यांची दृष्टीच जायची वेळ आली होती.

बडोद्यातील शिक्षण

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. तेथील कलाभवनात प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा त्यांना आधार मिळाला. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे चित्रकला शिकायला आलेल्या या तरुणाला रसायनांची गोडी लागली.

१८९० च्या सुमारास फाळके यांनी कॅमेरा घेतला. त्या काळी फोटो काढणे म्हणजे बटण दाबणे नव्हते. काचेवरच्या चांदीच्या क्षारांच्या थरावर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा, हे अंदाजाने ठरवावे लागे. मग अंधाऱ्या खोलीत ती काच रसायनात धुवायची, चित्र पक्के करायचे आणि कागदावर उतरवायचे. यातली एक पायरी चुकली की सगळे वाया. फाळके हे सारे हाताने शिकले. रतलामला जाऊन त्यांनी तीन रंगांचे ठसे बनवण्याची आणि छपाईची विद्याही घेतली.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या कामावर खूष झालेल्या एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा कॅमेरा अपग्रेड झाला, तोही फुकटात.

उत्तम कॅमेरा, पण गिऱ्हाईक नाही

१८९५ पासून फाळके यांनी गुजरातेत छायाचित्रणाचा धंदा थाटला. साहित्य होते, शिक्षण होते, हात तयार होता. तरीही धंदा नीट चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याने आयुष्य कमी होते, अशी समजूत लोकांत होती. ज्याच्यापुढे उभे राहायला माणसे घाबरतात, तो कॅमेरा कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

जीव घेणारी खरी गोष्ट निराळीच होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने प्रवेश केला आणि ती साथ पश्चिम भारतभर पसरली. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरची पिसू हा जंतू माणसापर्यंत आणते, हे १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरांनी दाखवले. पण ते मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. लोक कॅमेऱ्याला भीत राहिले आणि पिसू घराघरांत फिरत राहिली. या साथीत फाळके यांची पत्नी आणि मूल दगावले. त्यांनी गोध्रा सोडले.

पुढची दहा वर्षे धडपडीची होती. १९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. नव्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी, स्वदेशी चळवळीच्या काळात तिचा राजीनामा, लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारी आणि शेवटी भागीदारांशी मतभेद होऊन हात रिकामे, असा तो प्रवास आहे. चाळिशी ओलांडताना फाळके यांच्याकडे धंदा नव्हता आणि पैसाही नव्हता.

सिनेमाचे वेड आणि डोळ्यांवर संकट

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. राम-कृष्णांच्या कथा अशा पडद्यावर आणता येतील, या कल्पनेने त्यांना झपाटले. पण त्यांनी लगेच मोठा कॅमेरा घेतला नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरी त्यांनी खेळण्यासारखे छोटे उपकरण आणि फिल्मची काही रिळे आणली. मेणबत्तीचा उजेड आणि भिंग वापरून ते भिंतीवर चित्रे पाडून पाहत. मुंबईत लागलेला प्रत्येक चित्रपट पाहायचा, त्याचे घरी विश्लेषण करायचे, पुन्हा पाहायचे, असा क्रम महिनोन्‌महिने चालला. झोप जेमतेम काही तास.

याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ त्यांना दिसेनासे झाले. मुंबईतील नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि एकाऐवजी तीन-चार चष्म्यांच्या मदतीने त्यांची दृष्टी परत कामाला आली.

हा मोतीबिंदू होता, असे काही चरित्रांत म्हटले जाते. पण मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते विश्रांतीने किंवा चष्म्याने पुन्हा स्वच्छ होत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. विश्रांती आणि चष्म्याने सुधारणा झाली, यावरून डोळ्यांवरच्या ताणाचा भाग मोठा असावा, असे मानणे जास्त जुळते. फाळके तेव्हा ४१ वर्षांचे होते. चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात ते उगाच नाही. या वयात डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते, त्याला आकार बदलणे जड जाते आणि जवळचे अस्पष्ट दिसते. हातातली फिल्म, टेबलावरचे यंत्र आणि दूरचा पडदा या तिन्ही अंतरांसाठी वेगळा चष्मा लागणे स्वाभाविक आहे. त्यात एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि धूसर दिसते. अंधारी खोली आणि जागरण यांनी हे सगळे वाढते.

पन्नास पौंडांचा कॅमेरा

दृष्टी सावरल्यावर फाळके यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवून सुमारे १० हजार रुपये कर्ज उभे केले. घरात सरस्वतीबाई आणि लहान मुले. जुगार फसला असता तर कुटुंब उघड्यावर आले असते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे बायोस्कोप या चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण त्यांचा निर्धार पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांनी चित्रीकरणाच्या सगळ्या पायऱ्या जवळून पाहिल्या. मग सुमारे ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला कडेची भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि ते एप्रिलमध्ये परतले.

या कॅमेऱ्याने काय दिले? हाताने फिरवायच्या दांड्याने फिल्म पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडून चित्र उमटते, पुन्हा सरकते. सेकंदाला सुमारे १६ चित्रे. हे काम साधा कॅमेरा, त्यामागे कितीही तरबेज माणूस असला, तरी करू शकत नाही. इथे उपकरण नजरेची जागा घेत नव्हते. नजरेला जे दिसत होते, पण हाताला जमत नव्हते, ते ते करून देत होते.

पैसे गुंतवणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून फाळके यांनी एक छोटा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि महिनाभर ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. वेगाने दाखवल्यावर बी फुटून वेल वर चढताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ ही ती फिल्म. महिन्याची वाढ एका मिनिटात दाखवायची, तर साडेनऊशेच्या आसपास चित्रे लागतात, म्हणजे रोजची तीसेक. त्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. वनस्पतींच्या हालचाली अभ्यासायला शास्त्रज्ञ आजही हेच तंत्र वापरतात. हा प्रयोग पाहून भांडवल मिळाले.

घर हाच कारखाना

‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. फुटाला १६ चित्रे धरली तर ५९ हजारांहून अधिक चित्रे होतात. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके, म्हणजे केवळ एका प्रतीसाठी साडेचार लाखांवर भोके. रात्री अंधारात फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम सरस्वतीबाई करत. दिवसा कलाकारांसाठी स्वयंपाक करत आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून चेहऱ्यांवर उजेड पाडत. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटे. म्हणून कपडे, रंगभूषा, पडदे यांचे रंग त्या हिशेबाने निवडावे लागत. चित्रकार, रसायने जाणणारा, ठसे बनवणारा आणि जादूचे प्रयोग करणारा, असे चार फाळके या एका कॅमेऱ्यामागे उभे होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला.

मुंबईत चलच्चित्राचा कॅमेरा त्यापूर्वीही होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले होते. १९१२ च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ प्रदर्शित झाला. त्यात रंगमंचावरचा नाट्यप्रयोग कॅमेरा एका जागी ठेवून टिपला होता. यंत्र तेच, पण फाळके यांनी त्याच्यापुढे काय उभे करायचे, हे आधी वर्षभर घोकले होते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा विकत न घेता स्वतः बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला.

उपकरण पुढे गेले तेव्हा

‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’ यांनी फाळके यांना यश दिले. मात्र १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्यावर नंतर ध्वनी चढवावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव मूळ बोलपट आणि शेवटचा चित्रपटही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. नजर तीच होती, पण यंत्र आणि त्यामागचा पैसा पुढे निघून गेला होता. उपकरणाने काही फरक पडत नाही, हे म्हणणे म्हणूनच पुरते खरे नाही.

खरेदीपूर्वी

रेहेकुरीचे उदाहरण घ्या. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारा काळवीट सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सुमारे ४४ सेंटिमीटर पुढे जातो. तेवढा वेळ झडप उघडी राहिली तर चित्र फरफटलेलेच येणार. हजाराव्या भागात तो दोनेक सेंटिमीटरच सरकतो. कोवळ्या उन्हात इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश गोळा करायचा, तर मोठ्या तोंडाची लेन्स आणि मोठा सेन्सर खरोखर उपयोगी पडतो. पण पार्श्वभूमी गचाळ आली, प्राणी बिथरून पळाला, भर दुपारी गेलो म्हणून चित्र सपाट आले, यावर महाग कॅमेरा इलाज नाही. आपले चित्र नेमके कशामुळे बिघडते, हे आधी ओळखावे. कारण यंत्रात सापडले तरच पैसे घालावेत.

चाळिशीनंतर तर कॅमेऱ्याआधी डोळे तपासून घेणे उत्तम. दृश्य पाहायच्या खिडकीशेजारी अनेक कॅमेऱ्यांत एक छोटी फिरकी असते, तिला डायॉप्टर म्हणतात. ती आपल्या डोळ्याच्या नंबरानुसार लावली नसेल तर व्यवस्थित फोकस झालेले चित्रही धूसर दिसते, आणि दोष विनाकारण लेन्सला दिला जातो. संगणकावर चित्रे निवडत बसताना दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद लांब पाहावे, पापण्या मिटाव्यात. फाळके यांना ही सवड मिळाली नाही. त्यांची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली.