‘बी’ फ्लूचा माग काढणारे डॉ. फ्रान्सिस

फ्लू म्हटले की १९१८ ची साथ आठवते, नाहीतर २००९ चा स्वाइन फ्लू. दोन्ही ‘ए’ प्रकारच्या विषाणूची करणी. त्याचा भाऊबंद असलेला ‘बी’ मात्र फारसा कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो शोधला अमेरिकेच्या डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी.

१९०० मध्ये इंडियाना राज्यातल्या गॅस सिटी या गावी जन्मलेल्या फ्रान्सिस यांनी येल विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियावर काम सुरू केले. १९३४ मध्ये पोर्तो रिकोतल्या रुग्णांच्या नमुन्यांतून त्यांनी फ्लूचा विषाणू वेगळा केला. तोवर ब्रिटिश संशोधकांनी फ्लूचा विषाणू सापडल्याचे दाखवून जेमतेम वर्ष झाले होते, आणि फ्लूचा विषाणू एकच, असा बहुतेकांचा समज होता.

१९४० च्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळ मुलांच्या एका संस्थेत तापाची साथ आली. लक्षणे फ्लूचीच. पण बऱ्या झालेल्या मुलांच्या रक्तात ज्ञात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली दिसेनात. चाचणी चुकली म्हणून सोडून देणे सोपे होते. फ्रान्सिस यांनी मुलांच्या घशातील स्राव फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांना टोचला आणि नवा विषाणू मिळवला. जुन्या विषाणूची प्रतिपिंडे त्याला रोखत नव्हती. त्याच मुलांच्या रक्तातली रोखत होती. जुना ‘ए’, नवा ‘बी’ अशी नावे रुळली.

पुढे मिशिगन विद्यापीठात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही प्रकारांविरुद्धची लस तयार झाली. जोनास साल्क तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होते. १९४७ मध्ये ही लस तोंडघशी पडली: ‘ए’ने रूप पालटले होते, आणि लस घेतलेले व न घेतलेले विद्यार्थी जवळपास सारख्याच प्रमाणात आजारी पडले. हे अपयश फ्रान्सिस यांनी झाकले नाही, प्रसिद्ध केले. साल्क यांच्या पोलिओ लशीची १८ लाख मुलांवरची चाचणी १९५४ मध्ये त्यांच्याकडे सोपवली गेली, ती याच विश्वासामुळे असावी.

१९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘बी’ पुढे व्हिक्टोरिया आणि यामागाता अशा दोन शाखांत विभागला. मार्च २०२० नंतर यामागाता कुठेही खात्रीशीरपणे आढळलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती लशीतून वगळण्याची शिफारस केली. व्हिक्टोरिया अजून दर हिवाळ्यात, विशेषतः मुलांमध्ये, फिरतेच आहे.